मशेरीनं काळा केलेला लघुग्रह

त्या वेळी कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की मी तिथं व्हतो आणि म्हातारीनं मला धरलाच नाय. नावं घेणार नाय, माणसं सगळी सांगते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आम्ही चौघं: मी, माझी नणंद, मूर्तीचे डोळे काढणारा म्हातारा आणि कारखान्याचा मालक. रोह्याला, नदीच्या पल्याड अष्टमीत, घरी माझा मुलगा आणि सून. दोन्हीकडं धावणारी माझी नात, तवा नववीत. शेवटी शाळेत आलेले परीक्षक सर. आणि तो काळा दगड. त्याला पण माणसांत धरा, कारण त्याच्यापायी सगळ्यांनी बोलणी खाल्ली.

मी बोलते आणि नात लिवते. मी स्वतः शाळेत दुसरीपर्यंत गेले, ते पण बकरी सांभाळायला दुसरं कोणी असलं तर. नातीनं विचारलं, "आजी, तुझं बोलणं थोडं सुधारून लिहू का?" मी म्हटलं, "तू लिव बघू सुधारून, मी तुझ्या दगडाला परत डोळे काढून घेते." ती आहे तसंच लिवायला लागली. का ते पुढं कळंल.

आमचं मूळ खाडीकडचं. लग्न झाल्यापासनं मिठागरात कामाला. मिठागरातलं ऊन दोन तऱ्हेचं असतं. मिठाच्या ढिगावर पडतं ते तिथं थांबतच नाय, सरळ उडून डोळ्यांत येतं. बाजूच्या काळ्या चिखलावर पडतं ते परत येत नाय, तिथंच बसतं, आणि मंग पाय भाजतात. म्हणजे वरनं डोळे गेले, खालनं पाय गेले, मधलं माणूस राहिलं ते काम करतं. एका वर्षी बांध फुटला, खारं पाणी घरात आलं, त्याच वर्षी नवरा गेला. बांधानं नाय गेला, तापानं गेला. पण आम्ही दोन्ही एका दमात सांगतो म्हणून लोकांना वाटतं वाहून गेला. मी पण सांगायला जात नाय, लोक जरा जास्त हळहळतात आणि चहा पाजतात.

मंग पोराला घेऊन पेणला आले. नणंद आधीच कारखान्यात व्हती. तिला नवऱ्यानं टाकलेली. ती म्हणते तिनं टाकला. तिनं मालकाला सांगितलं, "माझी वयनी हाय, माती चांगली मळते." मी जन्मात माती मळली नव्हती, चिखल तुडवला व्हता. तेवढ्यावर मी लागले ती आजपर्यंत हाय. मी माती मळते आणि साच्यात भरते. नणंद घासकाम करते, म्हणजे वाळलेली मूर्ती पॉलिश पेपरनं अशी घासायची की बोट फिरवलं तर अडकायला नको. नंतर पांढरा हात मारायचा, ते पण तीच करते. मंग रंग, आणि सगळ्यात शेवटी तो म्हातारा डोळे काढतो.

आमच्याकडं एक रीत हाय. फळीवर जे ठेवलं ते कामाचं. समोर आलं की आपलं काम करायचं आणि पुढं सरकवायचं. हे काय हाय, कोणाचं हाय, असं विचारायचं नाय. विचारत बसणारी बाई आमच्याकडं आठवड्यात घरी जाते. सीझनला एवढा माल असतो की माणूस तोंड वर करत नाय. दगडाची सगळी गोष्ट ह्या फळीपायी झाली.

पण त्याच्या आधी हृदय झालं व्हतं, ते सांगायला पाहिजे.

मागल्या वर्षी नातीच्या शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन व्हतं. पोरीनं मातीचं हृदय केलं, माणसाचं असतं तसं, नळ्या बिळ्या लावून. जरा लाल आणि जरा निळा रंग पाहिजे म्हणून कारखान्यात घेऊन आली. आता आमच्या माणसांचा जीव किती त्या पोरीवर. डोळेवाल्या म्हाताऱ्यानं लालमधनं गुलाबी असा काढला की पितांबरावर काढतो तसा. नणंदेनं कडेनं सोनेरी रेघ मारली. मालकानं स्वतः लस्टर मारला, त्यानं मूर्ती चमकते. असं सुंदर हृदय झालं की कोणाच्या छातीत ठेवायला मन झालं नसतं, शोकेसमध्येच ठेवलं असतं. परीक्षक सरांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "हे बाजारातनं विकत आणलंय. मुलांनी स्वतः केलेलंच घ्यायचंय." आणि बाजूला ठेवलं.

पोरगी म्हणत राहिली की मी केलंय. पण सोनेरी रेघ कशी सांगणार. शाळेतनं घरी पुलावरनं चालत आली, हृदय काखेत. नदीत टाकणार व्हती, पण मातीत माझा हात व्हता म्हणून टाकलं नाय, असं तिनं मना नंतर सांगितलं. तिच्या बाईंनी पण बजावलं, पुढल्या वर्षी परत रेडीमेड वस्तू आणली तर मी तुझं नाव पाठवणार नाय. पोरीनं सगळं सोसलं, पण खोटी म्हटलेली सोसवली नाय. ते मना कळतं. आम्हाला गरीब म्हणा, काळी म्हणा, ऐकून घेतो. चोर म्हटलं की मंग जेवण जात नाय.

म्हणून ह्या वर्षी तिनं ठरवलं की अशी वस्तू करायची की कोणी सुंदर करूच शकणार नाय. आणि तिनं आभाळातला एक दगड निवडला.

एका रविवारी आम्ही दोघी, मी आणि नणंद, अष्टमीला गेलेलो. जेवणं झाल्यावर तिनं आम्हाला समजावून सांगितलं. मंगळ आणि गुरू यांच्या मधे म्हणे दगडांचा पट्टा हाय, लाखो दगड, सगळे सूर्याभोवती फिरतात. त्यातला हा एक. त्याला लघुग्रह म्हणतात.

नणंद म्हणाली, "मंगळाच्या पुढं हाय ना?"

"हो, आत्याआजी."

"मंग बरा. मंगळ टळला म्हणजे लग्नाला अडचण नाय."

मुलगा आडवा पडला व्हता. तो धाटावला कंपनीत हाय, पयल्या शिफ्टला गेला की दुपारी घरी येऊन झोपतो, झोपला नाय तरी डोळे मिटून असतो. त्यानं विचारलं, "केवढा हाय?"

"पप्पा, तुम्ही पेणहून रोह्याला येता ना, साधारण तेवढा लांब."

"वडखळ धरून?"

"वडखळ, नागोठणं, सगळं धरून."

"मंग त्याच्यावर पण ट्रॅफिक असंल."

नात म्हणाली, त्याच्यावर कोणी नाय, हवा नाय, पाणी नाय, नुसते खड्डे. मुलगा म्हणाला, "म्हणजे आपलाच रस्ता." सून हसली. माझी सून सहसा हसत नाय, तिला वेळ नसतो.

मंग पोरीनं सांगितलं की तो स्वतःभोवती एक गिरकी घेतो ती आपल्या आठ तासांत. तिथं आठ तासांचा दिवस. हे ऐकल्यावर मुलगा उठून बसला. "म्हणजे एक शिफ्ट झाली की एक दिवस झाला?"

"हो."

"मंग तिथं आपल्या एका दिवसात पगार तीनदा."

"आणि जेवण पण तीनदा करायला लागंल," सून म्हणाली, "तिथं मी येणार नाय."

आणि सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला आपली साडेचार वर्षं लागतात. तेवढं त्याचं एक वर्ष. नातीनं माझं वय त्याच्या वर्षांत काढलं. मी पंधरा-सोळाची निघाले. नणंद म्हणाली, "वयनी, तुना परत दाखवायला पाहिजे." मी म्हटलं, "एकदा दाखवली तेवढी पुरे. मना बघायला आले तवा आईनं तोंडाला तांदळाचं पीठ फासलं व्हतं, काळी दिसू नये म्हणून. घाम आला आणि त्याच्या भाकऱ्या झाल्या."

तवा नात म्हणाली, "आजी, हा पण काळा आहे. कोळशासारखा. शंभर भाग उजेड त्याच्यावर पडला ना, तर चार-पाच भागच परत येतो. बाकीचा तो ठेवून घेतो."

मी म्हटलं, "मिठागरातल्या चिखलासारखा."

ती म्हणाली, "हो, आणि तसाच तापतो. त्याची ऊब मोजून तो केवढा आहे ते काढतात."

मना हे लगेच पटलं, कारण माझ्या पायांना माहीत व्हतं. पुढचं पण तिनं सांगितलं, की त्याचा रस्ता बांगडीसारखा गोल नाय, थोडा लांबट हाय, आणि सूर्य त्याच्या मधोमध नसतो, एका बाजूला असतो. कधी तो जवळ येतो, कधी लांब जातो. आणि तो रस्ता थोडा कलता पण हाय. तिनं सायकलच्या दुकानातनं तार आणून तो रस्ता वाकवून दाखवला, एका पाटावर ठोकला, आणि सूर्याच्या जागी बल्ब लावला. मुलगा दोन-तीनदा म्हणाला, "बल्ब एका बाजूला गेलाय गो." ती म्हणाली, "तो तिथंच पाहिजे, पप्पा." तो म्हणाला, "बरं." पण त्याच्या डोळ्यांत ते खुपत व्हतं. कंपनीत त्याचं कामच ते, पाइप सरळ बसलाय का बघायचं.

दगड तिनं कारखान्यातच केला, दोन दिवस येऊन. माती मी मळून दिली, बाकी हात लावला नाय. भोपळ्याएवढा, एकीकडं लांबट, एकीकडं चेपलेला. चमच्यानं खड्डे पाडले, अंगठ्यानं पाडले, एक मोठा खड्डा कोपरानं पाडला. असा बेढब की नणंद तिकडं बघायची नाय, पाठ करून घासत बसायची. वाळायला चार दिवस पाहिजेत, मंग बुधवारी येते, काळा करते आणि घेऊन जाते, गुरुवारी प्रदर्शन. असं सांगून पोर रोह्याला गेली.

मी तो कोपऱ्यात ठेवला. कोपऱ्यात ओल, दगड वाळंना. मंगळवारी सकाळी बघितलं, खालनं तसाच ओला. ऊन येतं ते फक्त फळीवर. मी उचलला आणि फळीवर ठेवला, आणि माझ्या गुडघ्याच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेले. तिथं एवढी रांग की दुपार तिथंच झाली. तिथनं तशीच एका पाहुण्यांकडं गेले, त्यांच्याकडं बारसं व्हतं.

बुधवारी सकाळी कारखान्यात आले. परदेशी जाणाऱ्या मूर्ती आमच्याकडं लवकर रंगवतात, त्या ओळीनं फळीवर. त्यांच्या शेवटी काहीतरी गुळगुळीत, पांढरं, टोकाला जरा लस्टर मारलेलं. मी म्हटलं, "हा मोठा मोदक कोणाचा गो? बरा झालाय."

नणंद म्हणाली, "काल फळीवर व्हता. खड्डे केवढे त्याला. भरले, घासला, हात दुखले माझे. मंडळाचा असंल."

डोळेवाला म्हातारा म्हणाला, "मोदक काय, उंदीर हाय तो. चेपलंय ते तोंड. मी डोळे काढलेत की." आणि त्यानं तो आमच्याकडं फिरवला.

त्या दगडाला दोन डोळे. असे सुंदर, पापण्या काढलेले, गोड, जरा खाली बघणारे. म्हाताऱ्याचा हात हायच तसा. दगड आमच्याकडं बघून हसत व्हता.

मी म्हटलं, "हा पोरीचा दगड."

नणंदेनं पॉलिश पेपर खाली ठेवला. म्हाताऱ्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत बघितलं. म्हणाला, "तरीच मिशा काढायला जागा मिळंना."

"तुना कळलं नाय का गो, तुझ्या समोर केला ना तिनं," मी नणंदेला म्हटलं.

"मी बघितलाच कुठं धड. तूच फळीवर ठेवलास."

"कोपऱ्यात वाळत नव्हता."

"मंग फळीवर ठेवलास म्हणजे कामाचा."

रीत तीच हाय आणि ती मीच नवीन बायांना शिकवते.

दुपारच्या एसटीनं पोर आली. आम्ही तिघं ओळीनं उभे, मूर्ती उभ्या असतात तसे. दगडावर फडकं टाकलेलं. तिनं फडकं काढलं. बराच वेळ बघत राहिली. आम्हाला वाटलं रडंल. ती म्हणाली, "आजी, हे माझ्याकडं बघतंय." आणि बसली खाली, आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला पण लागली. मंग नाक पुसून म्हणाली, "उद्या मला परत खोटं म्हणणार."

मालक आला, त्यानं पण बघितलं. म्हणाला, "मी दुसरा देतो, साच्यातनं काढून." पोरगी म्हणाली, "नको काका. तुम्ही सगळ्यांनी मिळून काही केलं नाही तर बरं होईल." मालक एवढा मोठा माणूस, पण तसाच बाहेर गेला.

मंग तिनं आम्हा दोघींना भिंतीशी बसवलं आणि म्हणाली, "हात मांडीखाली घेऊन बसा. मी उठा म्हणेपर्यंत काढायचे नाहीत." आम्ही बसलो. सत्तरीच्या दोन बायका हात मांडीखाली घेऊन. डोळेवाला म्हातारा दारातनं बघत व्हता, त्याला पण आत यायला बंदी. पोरीनं दगडावर ओलं फडकं ठेवलं, मऊ केला, डोळे खरवडले, वर नवीन मातीचा थर लावला आणि परत चमच्यानं खड्डे पाडायला लागली. माती अशी थापत व्हती की माझ्या बोटांना मांडीखाली कळ येत व्हती.

"तिथं जरा दाब गो, सुटंल ते," मी म्हटलं.

"आजी."

"मी हात काढले नाय. तोंड काढलंय."

नणंद म्हणाली, "तो एक खड्डा लई खोल हाय, भरू का जरासा?"

"आत्याआजी, तो खड्डा पाहिजे. दुसरा दगड आपटून पडलेला आहे तो."

"दुसऱ्यानं आपटून पाडला आणि कोणी भरला नाय?"

"तिथं कोण आहे भरायला?"

नणंदेनं भिंतीला पाठ टेकवली. मंग म्हणाली, "मना न्यायला पाहिजे व्हतं तिथं."

पातळ थर व्हता म्हणून पोरीनं तो मूर्ती सुकवायच्या पंख्याखाली ठेवला. संध्याकाळपर्यंत वाळला, हाताला लागंना. माघी गणपतीच्या मूर्ती घेऊन टेम्पो रोह्याला निघाला व्हता, मालकानं आम्हाला त्यात बसवलं. मी, नात आणि नणंद. नणंदेला कोणी ये म्हटलं नव्हतं, पण ती म्हणाली आता शेवट बघितल्याशिवाय मना अन्न जायचं नाय. दगड नातीच्या मांडीवर, धूळ बसू नये म्हणून वर फडकं.

नागोठण्याला टेम्पो चहाला थांबला. एक बाई आली, फडक्याला हात जोडले. म्हणाली, "घरचा का मंडळाचा?"

मी म्हटलं, "शाळेचा."

"शाळेत माघी बसवतात? बरं हाय. तोंड बघू का?"

आमच्याकडं बसवायच्या आधी तोंड उघडत नाय, ते तिला पण माहीत व्हतं, पण तिला राहवंना. देवाच्या बाबतीत खोटं बोलायचं नाय आणि दगडाचं खरं सांगायला वेळ नाय. मी म्हटलं, "बाय, ह्याला तोंड नाय. सकाळी व्हतं, आता काढलं."

ती बाई दोन पावलं मागं सरकली आणि आणखी जोरात हात जोडले. टेम्पो निघाला तरी ती तिथंच उभी.

अष्टमीला आल्यावर काळं करायचं काम. कारखान्यातनं काळा ऑइलपेंट आणला व्हता, तो पोरीनं पुठ्ठ्यावर लावून बघितला, वर मोबाइलची बॅटरी मारली. रंग बसच्या टायरसारखा चमकला. ती म्हणाली, "नाही चालणार. हा उजेड परत देतो." मंग कोळसा कुटून लावला, तो करडा दिसायला लागला. मंग सुनेनं न्हाणीतला पाण्याचा हंडा उपडा केला, त्याच्या बुडाची काजळी काढली. ती चांगली काळी, पण बोट लागलं की निघाली. पोरगी म्हणत व्हती, "अजून काळं पाहिजे. आणखी काळं नाही का काही घरात?" मी ऐकत व्हते. जन्मात पयल्यांदा आमच्या घरात कोणी अजून काळं मागत व्हतं.

तवा सुनेचं लक्ष माझ्या कमरेकडं गेलं. कमरेला माझी मशेरीची डबी. मशेरी म्हणजे तंबाखू तव्यावर काळी व्हईपर्यंत भाजून कुटायची, आम्ही म्हाताऱ्या दाताला लावतो. सून बरीच वर्षं म्हणते, आई, ते सोडा, आणि मी बरीच वर्षं म्हणते, सोडते.

सून म्हणाली, "आई, डबी द्या."

"सगळी नाय. चिमूटभर देते."

"शाळेसाठी हाय, आई."

पोरीनं चिमूट पुठ्ठ्यावर डिंकात लावली आणि बॅटरी मारली. उजेड गेला तो गेला, परत आला नाय. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी डबी काढून दिली. काजळी आणि मशेरी मिसळली, दगडाला डिंकाचं पाणी लावलं आणि पोरीनं वरनं हातानं चोपडलं. सून डबीचा तळ पण खरवडून देत व्हती. तिला एवढ्या हौसेनं काम करताना मी लग्नानंतर बघितली नव्हती.

सकाळी मी आणि नणंद पण शाळेत गेलो. मुलानं रजा टाकली. त्यानंच दगड, पाट, तार आणि बल्ब रिक्षातनं नेऊन टेबलावर मांडून ठेवला, म्हणाला सगळं सेट करून देतो. पोरगी बाईंकडं सही करायला गेली व्हती. ती आली तवा परीक्षक सर शेजारच्या टेबलावर पोचले व्हते. तेच सर, हृदयवाले. पोरीनं टेबलाकडं बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. तार बांगडीसारखी गोल, सपाट, आणि बल्ब बरोबर मधोमध.

"पप्पा, हे काय केलंत?"

मुलगा म्हणाला, "वाकडं झालं व्हतं प्रवासात. नीट केलं."

सर समोर आले. म्हणाले, "तूच ना मागच्या वर्षी ते हृदय आणलं होतंस?" पोरगी हो म्हणाली. सरांनी गोल तार बघितली, बल्ब बघितला. म्हणाले, "हे तरी तू केलंस का?"

मी नणंदेचा हात धरला. पोरगी मान वर न करता म्हणाली, "सर, एक मिनिट थांबा. हे चुकलंय." आणि तिनं सरांच्या समोर बल्ब उपटला, तार दोन्ही हातांनी ओढून लांबट केली, एका बाजूनं उचलली, पाटाखाली पुस्तक सारलं, बल्ब एका टोकाकडं बसवला. हे करताना बोलत व्हती, की कक्षा लांबट असते, सूर्य मधे नसतो, हा कललेला हवा, आता हा जवळ आला की जरा जोरात जातो आणि लांब गेला की सावकाश. मुलगा मागं उभा राहून हळूच म्हणाला, "वाकडंच पाहिजे व्हतं का."

सर म्हणाले, "एवढा काळा असेल तर सापडला कसा?"

"हलतो म्हणून, सर. तारे एकमेकांजवळची जागा सोडत नाहीत. हा त्यांच्यामधून सरकतो. रोज थोडा."

सरांनी दगडावर अंगठा टेकवला. अंगठा काळा झाला. नाकाशी नेला, आणि त्यांना शिंक आली, एकामागनं एक. "कसला वास आहे हा?"

"मशेरीचा, सर. आजीची आहे. रंग चमकत होता, ही चमकत नाही."

मी साडीचा पदर तोंडाला धरला. सर माझ्याकडं बघत राहिले, मंग दगडाकडं, मंग पोरीच्या हातांकडं. तिच्या नखांत काळं, कोपरापर्यंत काळं. शिंकांनी त्यांना घाम आला व्हता, त्यांनी त्याच अंगठ्यानं कपाळ पुसलं. एक काळी रेघ उठली, भस्म लावल्यासारखी.

म्हणाले, "हे कुठल्याही दुकानात मिळणार नाही." आणि पुढं गेले.

नणंद कानात म्हणाली, "कपाळाचं सांगू का त्यांना?" मी म्हटलं, "गप."

तसेच ते सगळीकडं फिरले, तसेच स्टेजवर बसले, तसंच भाषण केलं. पयला नंबर पाणी गाळायच्या यंत्राला गेला, ते चांगलंच व्हतं. आमचा दुसरा. पण पोरीला नंबराचं काय नव्हतं. परत जाताना पुलावरनं आम्ही चाललो, आणि ती मधे मधे थांबून स्वतःचे काळे हात बघत व्हती. नणंदेनं विचारलं, "धुवायचे नाय का?" ती म्हणाली, "उद्या."

मशेरी मी पुन्हा भाजली का ते ह्यात लिवायचं नाय, लिवणारीची आई वाचणार हाय.

दगड शाळेनं ठेवून घेतला. प्रयोगशाळेत कपाटावर हाय, तार, बल्ब आणि सगळं. परवा नात सांगत व्हती, कोणीतरी रोज ओल्या फडक्यानं त्याची धूळ पुसतं, त्यामुळं एका बाजूनं माती दिसायला लागलीय. आणि परीक्षेच्या दिवसांत त्याला हळदकुंकू लागलेलं असतं. पोरं पाया पडतात.

म्हणून वाचणाऱ्याला एवढंच सांगणं हाय. रोह्याच्या त्या शाळेत गेलात आणि कपाटावर काळा बेढब दगड दिसला तर त्याला पुसू नका, कुंकू लावू नका, खड्डे भरू नका. बल्ब एका बाजूला दिसंल, तो तिथंच राहू द्या.